मांडवातली समिती

आमच्या बेळगावच्या सीमाभागात जानेवारी ते मार्च म्हणजे संमेलनांचा सीझन. भाताची सुगी आटपलेली असते, मळणी होऊन पोती घरात आलेली असतात, मग एकेका रविवारी एकेका गावात मांडव उभा राहतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमनी, सांबरा. बाहेरच्या पाव्हण्यांना पटत नाही की एका तालुक्यातल्या एवढ्या गावांत दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरतं आणि बायाबापड्या, शेतकरी, गवंडीकाम करणारी पोरं दिवसभर मांडी घालून बसून ऐकतात.

आमच्या मंडळाचंही असंच. आदल्या रात्री सगळी गल्ली जागी. शाळेच्या पटांगणात मांडव, वीज जाईल म्हणून जनरेटर, आणि आमच्यासारख्या शाळकरी पोरांना कामं वाटलेली. जरा कुठं रेंगाळलं की गुरुजींचा आवाज यायचा, "काय बघूलायस, सतरंजी उचल की!" सकाळी ग्रंथदिंडी निघायची. पुढं लेझीम, मागं भजनी मंडळ, पालखीत ग्रंथ, दारोदारी रांगोळी, बायका नऊवारी नेसून आरतीचं ताट घेऊन उभ्या. दुपारी हजारभर माणसाची पंगत, भात, आमटी, वांग्याची भाजी आणि गव्हाची खीर. तांदूळ घराघरातनं गोळा केलेला, कुणी दोन शेर, कुणी पायली, ज्याची जशी ऐपत, आणि ज्याच्याकडं काहीच नाही तो लाकडं फोडायला यायचा पण आल्याशिवाय राहायचा नाही. मग कथाकथन, मग कविसंमेलन, गावातल्या नव्या पोरींच्या पहिल्या कविता त्या स्टेजवरच वाचल्या गेल्या.

पण ज्याची सगळे वाट बघायचे तो क्षण समारोपाच्या आधी यायचा, ठरावाचा. "बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" एकानं म्हणायचं आणि सगळ्या मांडवानं उचलायचं. वाचता यायच्या आधी आम्हाला ही घोषणा पाठ होती. अध्यक्ष म्हणून आलेले पुण्या-मुंबईचे मोठे लेखक त्या आवाजानं अक्षरशः गप्प व्हायचे, एकदोघांचे डोळे भरलेले मी जवळनं बघितलेत.

हा भाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणारी महाराष्ट्र एकीकरण समिती कशी वाढली असं कुणी विचारलं तर मी म्हणतो, या मांडवांतनं. आणि हे नुसतं प्रेमानं म्हणत नाही, इतिहासच तसा आहे. १९४६ च्या मे महिन्यात बेळगावात मराठी साहित्य संमेलन भरलं, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते, आणि त्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. पुढं सगळ्या महाराष्ट्रात जे पेटलं त्याची सुरुवात आमच्या बेळगावच्या साहित्याच्या मांडवात झालीय. मग १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी रेडिओवरनं मुंबई केंद्राकडं ठेवायचं जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी, १७ तारखेला, बेळगाव आणि निपाणीत लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला. पैलवान मारुती बेन्नाळकर गेले, निपाणीच्या कमळाबाई मोहिते गेल्या, आणखी माणसं गेली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि आम्ही म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलो, न विचारता.

लगेच १९५७ ची निवडणूक आली आणि बेळगाव शहरातनं समितीचे बा. रं. सुंठणकर निवडून गेले. नंतर बळवंतराव सायनाक. आण्णा, म्हणजे माझे वडील, त्या काळातलं सांगायचे की प्रचाराला ना गाडी ना पैसा, बैलगाडीवर कर्णा बांधायचा आणि गावोगाव फिरायचं, जेवण ज्या घरात थांबतील तिथं. शेतकरी, कामकरी, काँग्रेसमधनं बाहेर पडलेले, समाजवादी, शेतकरी कामगार पक्षवाले, सगळे एका प्रश्नासाठी एकत्र. समितीचा माणूस अपक्ष म्हणून उभा राहायचा, कायमचं असं चिन्ह नाही, दरवेळी जे मिळेल ते. आता विचार करा, मतदानाला थोडे दिवस उरलेत आणि नवं चिन्ह गावोगाव पोचवायचंय. ते कोण पोचवणार? मंडळं पोचवायची. गणपती मंडळाची, शिवजयंतीची, वाचनालयाची, संमेलनाची पोरं रात्रीत भिंती रंगवायची, सकाळी म्हातारीला सुद्धा माहीत असायचं यंदा शिक्का कशावर मारायचा ते. लोक माणसाला किंवा चिन्हाला मत देत नव्हते, 'समितीला' देत होते. एकाच वेळी बेळगाव, उचगाव, खानापूर असे आमदार, शिवाय महापालिकेत मराठी महापौर हे आमच्या लहानपणी इतकं नेहमीचं होतं की त्याचं काही वाटायचं नाही.

१९६६ ला सेनापती बापटांनी उपोषण केलं, सीमावाद सोडवायला केंद्राचा महाजन आयोग आला, १९६७ ला त्याचा अहवाल आला आणि बेळगाव कर्नाटकातच ठेवायला सांगितलं. महाराष्ट्रानं तो नाकारला. त्या अहवालाचं नाव निघालं की आण्णा जेवतानाचा हात थांबवायचे, एवढंच सांगतो.

१९८६ चा जून आमच्या पिढीचा. कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन पेटलं, महाराष्ट्रातनं नेते आले, शरद पवार आले, छगन भुजबळ तर वेश बदलून आले, आणि आमच्या बाजूच्या गावांत गोळीबार होऊन माणसं गेली. अजून १ जूनला हिंडलग्याला स्मारकाशी सगळे जमतात. त्या वर्षीच्या आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवेळचे कोळीनाच, शेतकरीनाच काही झाले नाहीत. सातवीच्या पोरांनी पोवाडा म्हटला, साथीला नुसता डफ आणि तुणतुणं, आणि पुढं बसलेल्या आया पदर डोळ्याला लावून ऐकत होत्या. बक्षीस समारंभाला आलेल्या पाहुण्यांनी भाषण केलंच नाही, फक्त उभं राहून सगळ्यांना दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं. आमच्या वर्गातली अर्धी पोरं पुढं समितीचे कार्यकर्ते झाली ती त्या रात्रीमुळं असं माझं ठाम मत आहे.

वर्षाचे बाकीचे दिवस पण असेच बांधलेले. १७ जानेवारीला हुतात्मा चौकात अभिवादन, त्या दिवशी आमच्या घरात गोडधोड नाही. १ नोव्हेंबरला काळा दिन, काळे कपडे घालून संभाजी उद्यानापासनं सायकल फेरी, बायका-पोरं सगळी. बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरायला लागल्यावर समितीचा महामेळावा. या सगळ्याला शेतकरी कामगार पक्षाचे नेते प्रा. एन. डी. पाटील सर वय झालं तरी यायचे, चालताना त्रास व्हायचा पण माइक हातात आला की आवाज तसाच खणखणीत. सर गेले ते सुद्धा १७ जानेवारीला, २०२२ ला, हुतात्मा दिनीच. त्या दिवशी गावात प्रत्येकजण हेच बोलत होता.

आता मतांचं बोलायचं तर चित्र वाईट आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. २०१३ ला बेळगाव दक्षिणमधनं संभाजी पाटील आणि खानापुरातनं अरविंद पाटील असे दोन आमदार आले, २०१८ ला एकही नाही, २०२३ ला पण नाही. ज्या महापालिकेनं २००५ ला महाराष्ट्रात जायचा ठराव केला होता तिथंच २०२१ ला भाजपनं ५८ पैकी ३५ जागा घेतल्या. लोक म्हणतात राष्ट्रीय पक्ष आले, पैसा आला, नव्या पोरांना नोकरी आणि रस्ते पाहिजेत. ते खरंच आहे, आणि सुप्रीम कोर्टातला महाराष्ट्राचा सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासनं चाललाय, वाट बघून माणसं थकतात. पण माझ्या मते मोठं कारण घरातलं आहे. एका मतदारसंघात समितीचे दोन-दोन उमेदवार उभे राहिले, आणि ज्या मंडळांनी चिन्ह पोचवायचं त्या मंडळांनाच कळेना कुणाचं पोचवायचं. नेते गटात वाटले गेले, मांडव मात्र वाटला गेला नाही. संमेलनाला आजही दोन्ही गटाची माणसं एकाच पंगतीत बसून खीर खातात, एकमेकांच्या पानात वाढतात, ठरावाला दोघंही तेवढ्याच जोरानं ओरडतात. मग निवडणुकीत काय होतं यांना, हे मी दोन्हीकडच्या मित्रांना तोंडावर विचारलंय, आणि विचारत राहणार.

यंदाच्या मीटिंगमध्ये त्यावर बरीच खडाजंगी झाली. आमच्या मंडळात आता पंचविशीतली पोरं-पोरी आहेत, इंजिनिअर आहेत, दोघी शिक्षिका आहेत, त्यांनीच विषय काढला की संमेलनात शेवटचं सत्र सीमाप्रश्नावर ठेवायचं, दोन्ही गटांच्या नेत्यांना समोर सतरंजीवर बसवायचं आणि प्रश्न गावकऱ्यांनी विचारायचे. जुन्या लोकांना ते जड गेलं, मोठ्या माणसांना खाली बसवायचं म्हणजे अपमान होतोय असं वाटलं त्यांना. शेवटी सगळेच सतरंजीवर बसायचं, अध्यक्ष सुद्धा, असं ठरलं. पत्रिका छापायला गेलीय.