ॲव्हरेज किती देते?

भारतातून इथे अमेरिकेत कुणीही पाहुणे आले आणि हायवेवर पहिली मोठी आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, दिसली की प्रश्न ठरलेला, हिचं ॲव्हरेज किती? उत्तर ऐकून माझे सासरे तर जरा वेळ बोललेच नाहीत. बसएवढं मोटरहोम असतं ना, ज्याला इथे क्लास ए म्हणतात, ते गॅलनला ६ ते १० मैल जातं, म्हणजे आपल्या हिशोबाने लिटरला अडीच ते सव्वाचार किलोमीटर, आणि टाकी असते ७५-१०० गॅलनची. जून २०२२ मध्ये इथे पेट्रोलचा सरासरी भाव पहिल्यांदाच गॅलनला ५ डॉलरच्या वर गेला होता, तेव्हा मोठी टाकी फुल करायची म्हणजे पाचशे डॉलर. आणि त्याच उन्हाळ्यात आम्हाला जवळच्या स्टेट पार्कात शनिवारची कॅम्पिंगची एक साधी जागा मिळेना, सगळं आधीच बुक!

मी इंडियानात राहतो आणि इथून एल्कहार्ट फार लांब नाही. अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही याच भागात बनतात, गावाने स्वतःला जगाची आरव्ही राजधानी म्हणवून घेतलंय. मजा म्हणजे या कारखान्यांत खूप आमिश लोक कामाला आहेत, म्हणजे जुन्या पद्धतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे, जे स्वतः गाडी ठेवत नाहीत, घोडागाडीने किंवा सायकलवर फिरतात, आणि दिवसभर दुसऱ्यांसाठी ही चालतीफिरती घरं बनवतात.

आता पेट्रोलचा हिशोब. मलाही आधी हे आरव्हीवाले लोक वेडेच वाटायचे. पण समजा हजार मैलांची ट्रिप आहे आणि गाडी गॅलनला ८ मैल जाते, तर १२५ गॅलन लागणार. भाव ३ डॉलर असेल तर ३७५ आणि ५ असेल तर ६२५, म्हणजे भाव एवढा भडकूनही फरक अडीचशे डॉलरचा. तेवढ्या पैशात पाच जणांच्या कुटुंबाला सीझनमध्ये हॉटेलच्या दोन खोल्या एक रात्र मिळतील, फार तर दोन. वर जेवण बाहेर. शिवाय बहुतेक आरव्हीवाले रोज गाडी हाकत नाहीतच, दोन-तीन तासांवर जायचं, गाडी लावायची, वीज-पाणी जोडायचं आणि आठवडाभर हलायचं नाही. पेट्रोल महागलं तर लांबचं यलोस्टोन नॅशनल पार्क रद्द आणि जवळचं तळं नक्की, एवढाच बदल. आणि खपणाऱ्या आरव्हींमध्ये बऱ्याचशा इंजिन नसलेल्याच असतात, पिकअपच्या मागे जोडायचे ट्रेलर. पिकअप इथे तसाही दारात उभा असतोच.

खरा खड्डा दुसरीकडे आहे. आरव्हीचं लोन दहा-पंधरा वर्षांचं, कधी वीसही, आणि वस्तू अशी की शोरूमच्या बाहेर काढली की किंमत घसरली. बऱ्याच सोसायट्यांमध्ये घरासमोर उभी करू देत नाहीत म्हणून स्टोरेजचं भाडं वेगळं, मग इन्शुरन्स, हिवाळ्यात पाइप फुटू नयेत म्हणून सगळं पाणी काढून अँटिफ्रीझ भरायचं. म्हणून मला वाटतं पेट्रोलपेक्षा व्याजदरानेच या धंद्याला जास्त मारलं. कोविडनंतर २०२१ मध्ये कारखान्यांतून ६ लाखांवर आरव्ही बाहेर पडल्या, हा विक्रम. २०२३ मध्ये तो आकडा ३ लाख १३ हजारांवर आला, आणि तेव्हा पेट्रोल २०२२ पेक्षा स्वस्त होतं बरं का! २०२४ मध्ये परत थोडा वर गेला. म्हणजे विकत घेणारे कमी झाले, पण लोकांनी घेतलेल्या गाड्या काही भंगारात काढल्या नाहीत, त्या रस्त्यावर दिसतातच.

रिटायर मंडळींचं गणित तर अजून वेगळं. हिवाळा आला की उत्तरेतले आजी-आजोबा ॲरिझोना नाहीतर फ्लोरिडा गाठतात. ॲरिझोनात क्वार्ट्झसाइट नावाचं वाळवंटातलं छोटंसं गाव आहे, तिथे सरकारी जमिनीवर अगदी थोड्या पैशात पूर्ण सीझन राहता येतं, वीज सोलरची आणि शेजारी दरवर्षीचे तेच. वर्षातून दोनदा पेट्रोलचा खर्च, बाकी महिनोन्‌महिने गाडी जागेवर.

आपली मराठी मंडळी शक्यतो भाड्याने घेतात, ते पण आई-बाबा आले की. कारण उघड आहे, बाबांना दर तासाला टॉयलेट लागतं आणि आईला सकाळी स्वतःच्या हातचा चहा. कुकर, पोहे, थालीपीठाची भाजणी सगळं बरोबर. भाडं ठरवताना रोज किती मैल फुकट आणि जनरेटरचे तासाला किती हे आधी विचारा, बिल तिथे फुगतं.

महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, त्यामुळे कोकणात असं जमेल का असं भाऊ सारखा विचारतो. पेट्रोलचं बघू रे, पण टॉयलेटची टाकी रिकामी करायला इथे कॅम्पग्राउंडवर डंप स्टेशन असतं, तिथे होज लावायचा, व्हॉल्व्ह ओढायचा आणि पाच-दहा मिनिटांत मोकळं. चिपळूण ते मालवण ती टाकी कुठे रिकामी करायची, हे आधी शोधून ठेव म्हणालो त्याला.