आमची वाटचाल : एकदा चालवलेला कास्तकार

दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या आमच्या गावात 2018 साली ॲनिमेशनचा स्टुडिओ उघडला तेव्हा कामाचा विषय आधीच ठरला होता. आदल्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन कास्तकार आणि मजूर दगावले होते. वाऱ्याकडे तोंड करून फवारू नका, हे पत्रकात छापण्यापेक्षा डोळ्यांना दिसलं पाहिजे, असं आम्हाला फार वाटे. लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगवर घर चालत होतं. त्याच कॉम्प्युटरवर ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर टाकलं. 2002 पासून ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, लायसन्सला पैसा लागत नाही. नाहीतर हा धंदा गावात उभाच राहिला नसता.

पहिलं मोठं काम म्हणजे पंपवाला. पाठीवर पंप, डाव्या हाताने दांडा वरखाली, उजव्या हातात नोझल. त्याची चाल मोकळ्या माणसाची नसते. कंबरेतून किंचित वाकलेली, पिकाच्या दोन ओळींमधल्या तासातून जाताना पावलं जवळजवळ पडणारी. ती बसवायला इतकी मेहनत गेली, की एका फिल्मपुरती वापरून ती सोडून द्यायची नाही हे तिथेच ठरलं. आज आमची खरी पुंजी मशीन नाही, जपून ठेवलेल्या हालचाली आहेत.

ब्लेंडरमध्ये हालचाल ‘ॲक्शन’ म्हणून साठते. ती कुठल्याच पात्राला जोडलेली नसेल तर फाइल सेव्ह करून बंद केल्यावर निघून जाते. म्हणून नावाशेजारचं ढालीचं बटण, म्हणजे ‘फेक युजर’, दाबून ठेवायचं. नवीन पोरगा कामाला आला की आम्ही आधी हेच शिकवतो. दुसरी शिस्त पात्राच्या हाडांच्या नावांची. ॲक्शन हाड ओळखते ते नावावरून. आमच्या प्रत्येक रिगमध्ये, म्हणजे पात्राला हलवणाऱ्या हाडांच्या सांगाड्यात, पुरुष असो की बाई, हाडांची नावं अक्षरशः सारखीच असतात. त्यामुळे एकाची चाल दुसऱ्याला लगेच लागते. पण पात्र बुटकं असेल तर पाय जमिनीवर घसरतात. तिथे पावलांच्या किल्ल्या (की-फ्रेम, म्हणजे हालचालीतल्या ठरवून दिलेल्या स्थिती) हाताने बसवाव्याच लागतात, त्याला पर्याय नाही.

पंपवाल्याची चाल 36 फ्रेमची आहे आणि 37वी फ्रेम पहिलीचीच नक्कल. तशी नसली तर एनएलएमध्ये (जिथे ॲक्शन एकावर एक ट्रॅकवर मांडतात) चाल रिपीट करताना दर वेळी झटका बसतो. दांडा मारणारा हात मात्र मुद्दाम वेगळ्या ॲक्शनमध्ये ठेवला, कारण हाताचा आणि पायांचा ताल एक नसतो. त्या ॲक्शनमध्ये फक्त हाताच्या हाडांच्या किल्ल्या आहेत. ती वरच्या ट्रॅकवर टाकली की पाय खालच्या ट्रॅकवरून चालत राहतात, आणि धुऱ्यावर उभा राहून फवारणाऱ्यालाही तोच हात कामी येतो.

2021च्या डिसेंबरात ब्लेंडर 3.0 आलं आणि त्यात ॲसेट ब्राउझर, म्हणजे साठवलेलं काम निवडायची खिडकी, मिळाला. आधी जुन्या फाइलींतली हालचाल नव्या फाइलीत ओढून घेत (ॲपेंड) बसावं लागे. आता वेचणी, निंदण, मास्क बांधणं, हात धुणं, सगळं चित्रांसकट समोर दिसतं. लोडशेडिंगच्या भागात काम करणाऱ्याने या लायब्ररीची प्रत दुसऱ्या हार्डडिस्कवर ठेवलीच पाहिजे, आम्ही ठेवतो.

याच साठ्यामुळे शेतकरी उत्पादक कंपन्यांची छोटी कामं आम्हाला परवडतात. गुलाबी बोंडअळीच्या फिल्ममध्ये कामगंध सापळा (गंधाने पतंगांना ओढणारा) लावायला तासातून जाणारा माणूस हा आमचा पंपवालाच आहे. पंप काढला, पाठ थोडी सरळ केली. वाचलेला वेळ आम्ही सापळ्यातले पतंग नीट दाखवण्यात घातला.

सध्या डवरणीची, म्हणजे पिकाच्या ओळींतून डवरा (कोळपं) फिरवण्याची, हालचाल बसवणं चालू आहे. बैलांची जोडी, मागे डवरा आणि कास्तकार. ब्लेंडर 4.4 पासून एकाच ॲक्शनमध्ये वेगवेगळ्या पात्रांसाठी स्लॉट, म्हणजे वेगळे कप्पे, मिळतात, त्यामुळे तिघांची हालचाल एकत्र जपता येईल. डाव्या बैलाची मान हलली की जू कुठे कलतं, एवढं अजून मनासारखं बसायचं आहे.