आमची वाटचाल : ‘प्ले’ दाबण्याआधीचं काम

आमची सुरुवात दुरुस्तीपासून झाली. आधी टीव्ही आणि टेपरेकॉर्डर, मग व्हीसीआर. डीव्हीडी आल्यावर व्हीसीआर दुरुस्तीला येणं कमी झालं आणि लोक नुसत्याच कॅसेट्स घेऊन यायला लागले, ‘एवढं सीडीवर करून द्या’ म्हणत. दुरुस्तीला टाकून कुणी परत न नेलेली यंत्रं आमच्याकडे पडून होतीच. इकडे व्हीसीआर, तिकडे रेकॉर्डर, मध्ये एक केबल. सकाळी लावायची, दुपारी काढायची. हाच पुढे आपला मुख्य धंदा होईल असं तेव्हा कुणी म्हटलं असतं, तर आम्ही हसण्यावारी नेलं असतं.

ते काम तेव्हा सोपं होतं, कारण फितीच धडधाकट होत्या. हळूहळू टेबलावर येणारा माल बदलत गेला. कुठे चित्रात मुंग्या, कुठे वर-खाली उड्या मारणारं चित्र, कुठे फीत मशिनच्या पोटात गुंडाळलेली. आणि जोडीला ठरलेलं वाक्य : ‘काल घरी लावून बघितली, सुरुवातीला छान दिसत होती, मग कसलासा आवाज आला आणि थांबली.’ हे ऐकलं की आजही पोटात गोळा येतो. खराब होत चाललेली फीत पुष्कळदा एकदाच नीट चालते, आणि ती एक वेळ घरच्या धूळ खात पडलेल्या व्हीसीआरवर खर्च झालेली असते.

असं का होतं, हे मशिनचं झाकण उघडलं की दिसतं. व्हीएचएसची, म्हणजे घरगुती व्हीसीआरच्या नेहमीच्या कॅसेटची, फीत सेकंदाला जेमतेम २३ मिलिमीटर सरकते. पण जिच्यावर ती तिरकी गुंडाळली जाते, त्या ड्रमचे पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत मिनिटाला १५०० फेरे होतात. ड्रमवरचे हेड, म्हणजे फितीवरचा सिग्नल वाचणारे इवलेसे चुंबकीय भाग, सेकंदाला पाच मीटरच्या आसपास वेगानं फितीला घासत जातात. फितीवरचा थर सुटायला लागला असेल, तर त्याची भुकटी हेडच्या बारीक फटीत जाऊन बसते आणि चित्र गायब होतं. गिऱ्हाईक म्हणतं कॅसेट कोरी झाली. बहुतेक वेळा ती कोरी नसते, हेड चोंदलेलं असतं. ते पुसायचं म्हणजे ड्रम हातानं आडवा फिरवत, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मऊ कातड्याच्या पट्टीनं. पट्टी उभी फिरवली की हेड मोडतं. नव्या मुलाला आम्ही पहिला धडा हाच देतो आणि तोही भंगारातल्या ड्रमवर.

म्हणून आज आमच्याकडे आलेली कॅसेट थेट मशिनमध्ये जात नाही. आधी खिडकीतून टॉर्च मारून फितीचा गुंडा बघायचा. कडेवर पांढुरकी पावडर किंवा तंतू दिसले की बुरशी. ती कॅसेट वेगळ्या खोलीत जाते, कारण बुरशीचे कण मशिनमधून पुढच्या सगळ्या कॅसेट्सवर पसरतात. कोरड्या हवेत ठेवून बुरशी आधी निष्क्रिय करायची, मग तोंडाला मास्क लावून अगदी बारीक कणही अडवणाऱ्या हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमनं ओढून घ्यायची. नंतर डबीच्या तळाचे पाच स्क्रू काढून फीत नव्या डबीत बसवायची आणि हेड नसलेल्या यंत्रावर, मऊ कापडावरून संथपणे एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गुंडाळून घ्यायची. काम कंटाळवाणं आहे, पण घाई केली की सगळंच मुसळ केरात.

खालची कड आम्ही विशेष जपतो. व्हीएचएसमध्ये चित्र फितीच्या मधल्या मोठ्या पट्ट्यात असतं, साधा आवाज वरच्या कडेला आणि मशिनला ताल देणारा कंट्रोल ट्रॅक खालच्या कडेला. त्यामुळे चित्राचा भाग ठणठणीत असूनही केवळ खालची कड चुरगळल्यानं पडदा उड्या मारतो. कॅसेट पुस्तकासारखी उभी ठेवा, हे सांगण्यामागचं कारणही तेच. आडवी ठेवली की गुंडा एका अंगाला सरकतो आणि कडा दबतात.

चिकट फितींचं प्रकरण निराळं. लोहकण पॉलिएस्टरच्या पट्टीला धरून ठेवणारा पॉलियुरेथेनचा थर हवेतली ओल शोषतो, त्याची रासायनिक साखळी तुटते आणि फीत चिकट होते. मशिनमध्ये ती किंचाळते, अडकते, कधी थरच सोलून निघतो. घरगुती व्हीएचएसमध्ये हे कमी. १९७१ साली आलेल्या यू-मॅटिक प्रकारच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट्समध्ये आणि उघड्या रिळांमध्ये जास्त. उपाय भाजण्याचा. प्रयोगशाळेतल्या इनक्युबेटरमध्ये ५० ते ५५ अंश सेल्सियसला कित्येक तास ठेवायची आणि तितक्याच सावकाश थंड होऊ द्यायची. त्यानंतर थोड्या दिवसांची सवलत मिळते, तेवढ्यात उतरवून घ्यायचं; ओल परत येतेच. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये असले प्रयोग करू नयेत, तिथलं तापमान वर-खाली होतं आणि डबी वाकते.

खरी चणचण मात्र यंत्रांची. घरगुती व्हीसीआर बनवणारी अखेरची कंपनी म्हणून ओळखली जाणारी फुनाई २०१६ च्या जुलैमध्ये थांबली. आमच्या मागच्या खोलीत भंगारातून आणलेल्या मशिन्सची रास आहे : एकाचा ड्रम, दुसऱ्याचा पिंच रोलर, तिसऱ्याचे गिअर. रबर कडक झालेलं असतं, छोटे कपॅसिटर गळून सर्किट बोर्ड खातात. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयानं चुंबकीय फितींसाठी २०२५ ही मुदत सांगितली होती. त्या वर्षी फिती एकदम मरणार होत्या असं नाही. पण यंत्रं, सुटे भाग आणि ती चालवणारे हात संपत जातील, ही त्यांची मांडणी आम्ही रोज अनुभवतो.

उतरवून घ्यायच्या पद्धतीत आम्ही मध्यंतरी बराच बदल केला. थरथरणाऱ्या जुन्या सिग्नलला टाइम बेस करेक्टर शिस्त लावतो, प्रत्येक ओळ वेळेवर सुरू करतो. तो नसेल तर सिग्नल संगणकात उतरवणारं कॅप्चर कार्ड मधल्या चौकटी (फ्रेम) गाळतं आणि आवाज-चित्राची फारकत होते. मूळ प्रत आम्ही एफएफव्ही१ या व्हिडिओ साठवायच्या पद्धतीत ठेवतो. त्यात आकार आटोक्यात राहतो आणि माहिती एक कणही कमी होत नाही. फोनवर बघायची छोटी फाइल वेगळी देतो. ‘एआय लावून एचडी करून द्या’ अशी मागणी सारखी येते. दिली तर चेहरे मेणाच्या बाहुल्यांसारखे होतात. तरीही हवंच असेल तर मूळ प्रतीची नक्कल घेऊन करावं. मूळ प्रतीला हात लावायला आम्ही साफ नकार देतो. आणि एकाच कॅसेटवर वरून दुसरं रेकॉर्डिंग झालं असेल, तर खालचं परत आणता येत नाही. हे काउंटरवर सांगणं या धंद्यातलं सगळ्यात नको वाटणारं काम.

गेल्या काही वर्षांत व्हीएचएसपेक्षा मिनीडीव्हीची, म्हणजे हातातल्या व्हिडिओ कॅमेऱ्यातल्या छोट्या कॅसेटची, गर्दी वाढली आहे. १९९५ साली आलेली ही कॅसेट डिजिटल म्हणून लोक निर्धास्त असतात. पण फीत जेमतेम पाव इंच रुंद, आणि सिग्नल एका मर्यादेखाली गेला की चित्र मुंग्या न दाखवता थेट चौकोनांत फुटतं. ती फायरवायरच्या, म्हणजे कॅमेरा संगणकाला जोडायच्या जुन्या प्रकारच्या, केबलनं जशीच्या तशी उतरवावी, तासाला साधारण १३ जीबी जागा लागते. अडचण अशी की नव्या संगणकांवर फायरवायरचं भोकच नसतं, म्हणून एक जुना संगणक आम्ही तेवढ्यासाठी जपून ठेवला आहे, त्याला इंटरनेट दाखवत नाही.

फोन करणाऱ्यांना आम्ही एवढंच सांगतो : कॅसेट लावून बघू नका, रिवाइंडही करू नका, आहे तशी उभी ठेवून आणा. मिनीडीव्ही किंवा हाय-८ ही कॅमेऱ्याची छोटी कॅसेट असेल तर ज्या कॅमेऱ्यात भरली तो कॅमेराही शोधा. त्याचं अलाइनमेंट, म्हणजे हेड आणि फितीची जुळणी, हललेलं असेल तर ती फीत दुसऱ्या यंत्रावर कुरकुर करते आणि त्याच कॅमेऱ्यावर बिनतक्रार चालते. कॅमेरा बंद पडलेला असला, चार्जर हरवला असला तरी चालेल. तो चालू करायचं आमच्याकडे लागलं.