परसातली नासपती आणि तिची अढी

इंग्लंडमध्ये घरामागच्या छोट्या बागेत नासपतीचे एकच झाड लावायचे असेल, तर ते कॉन्फरन्स जातीचे असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हर्टफर्डशरमधल्या सॉब्रिजवर्थ येथील रिव्हर्स यांच्या रोपवाटिकेत ही जात तयार झाली आणि 1885 साली लंडनच्या चिझिक भागात भरलेल्या नासपती परिषदेवरून तिला हे नाव पडले. चवीत फ्रान्सची कॉमीस सरस, हे मान्य. पण तिला परागांसाठी शेजारी दुसऱ्या जातीचे झाड लागते, ऊबदार जागा लागते, आणि एवढे करूनही ती मनात येईल तेव्हाच फळते. कॉन्फरन्स एकटी असली तरी थोडीफार फळे धरते, फक्त परागीभवनाविना धरलेली फळे लांबट, वाकडी आणि बिनबियांची निघतात.

आमचे कलम क्विन्सच्या (नासपतीच्या नात्यातल्या एका बुटक्या फळझाडाच्या) मुळांच्या खुंटावर बांधलेले असल्यामुळे झाड आटोपशीर राहिले आहे. लावताना कलमाचा जोड मातीच्या वर ठेवावा लागतो, कारण जोडाच्या वरच्या भागाला मुळे फुटली की बुटक्या खुंटाचा उपयोगच संपतो. फुले एप्रिलमध्ये, सफरचंदाच्याही आधी येतात. त्यामुळे पारा शून्याखाली जाणार असेल त्या रात्री झाडावर पातळ कापड पांघरायचे आणि सकाळी मधमाश्यांसाठी ते काढायचे.

खरी मेख आहे ती काढणीत. नासपती आतून बाहेर पिकते, त्यामुळे झाडावरच मऊ होऊ दिलेल्या फळाची साल बाहेरून चांगली दिसत असली, तरी गाभा तपकिरी पडून पिठूळ झालेला असतो. म्हणून सप्टेंबरच्या उत्तरार्धात फळ तळहातावर घेऊन आडवे होईपर्यंत हलकेच उचलावे. देठ फांदीपासून आपसूक सुटला तर ते तयार, ओढावे लागले तर आणखी काही दिवस थांबावे. टणक फळ उतरवून अढीत घालणे कोकणातल्या माणसाला नवे नाही, पण आंब्याला पेंढ्याची ऊब हवी असते आणि नासपतीला आधी गारवा. फळे एकमेकांना न टेकवता थंड शेडमध्ये किंवा फ्रीजच्या तळच्या खणात काही आठवडे ठेवावीत आणि लागतील तेवढीच स्वयंपाकघरात आणावीत. फळाचे पोट दाबून काही कळत नाही. देठाजवळ अंगठ्याखाली किंचित नमले, की त्याच दिवशी खावे, कारण उद्यापर्यंत ते उतरलेले असेल. आमच्या आईला मात्र नासपती करकरीत असतानाच, फोडींना तिखटमीठ लावून आवडते, आणि तिच्यापुढे हे सगळे शास्त्र सांगण्याची माझी प्राज्ञा नाही.