जबड्यातली गाठ आणि अडकलेला ब्लॉक: माझा अनुभव

मेव्हण्याच्या खालच्या जबड्यात, अक्कलदाढेच्या मागं सूज होती. दुखत नव्हती, सावकाश वाढत होती. ओपीजीत (अख्ख्या जबड्याचा एक्सरे) जबड्याच्या कोनात साबणाच्या फेसासारखे कप्पे दिसले आणि शेजारच्या दाढेची मुळं झिजलेली. ओपीजी, सीटी, सुईनं पाणी काढून बघणं, जागेवर भूल देऊन तुकडा घेणं (बायोप्सी), हे सगळं विनासायास झालं. (सुई टाकल्यावर ताजं रक्त जोरानं सिरिंजमध्ये येऊ लागलं, तर तिथं तुकडा घ्यायला जायचं नसतं. रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते.) घोडं पेंड खाल्लं ते रिपोर्टवर.

रिपोर्टमध्ये लिहिलं होतं ‘इन्फेक्टेड ओडोंटोजेनिक सिस्ट’, म्हणजे दाताच्या पेशींतून झालेली, पू धरलेली पिशवी. बस्स. मी हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे असे तुकडे तपासायच्या लॅबमध्येच काम करतो, त्यामुळं हे वाचून माझं डोकंच फिरलं. एवढ्यावर सर्जननं करायचं काय? न उगवलेल्या दाढेच्या मानेला चिकटलेली डेंटिजेरस सिस्ट असेल, तर दाढेसकट सोलून काढली की बहुधा विषय संपतो. केराटोसिस्ट (दाताच्या पेशींतूनच होणारी दुसरी सिस्ट) असेल तर सोलल्यावर आतलं हाड घासावं लागतं, कुणी उरलेल्या पेशी मारायला कार्नॉय द्रावणही लावतात, कारण ती परत येते. आणि अमेलोब्लास्टोमा (दाताच्या पेशींचा ट्यूमर) असेल, तर तो कॅन्सर नसला तरी हाड पोखरत जातो. त्याच्या नेहमीच्या प्रकारात एक्सरेतल्या कडेपलीकडं 1 ते 2 सेंमी चांगलं हाडही काढतात. नुसता खरवडला तर तो पुन्हा उगवायची भीती फार. ओपीजी तिन्हीत सारखाच दिसू शकतो. म्हणजे जबडा राहणार की कापणार, हे त्या तुकड्यावर ठरतं.

असा गुळमुळीत रिपोर्ट का येतो, तेही सांगतो. पू झालेल्या जागेतून तुकडा घेतला की सिस्टच्या अस्तराची ओळखच पुसली जाते. केराटोसिस्टचं अस्तर 6 ते 8 पेशींच्या जाडीचं, वरून सुरकुतलेलं आणि तळाला पेशी ओळीत उभ्या. सुजेमुळं यातलं काहीच उरत नाही. अमेलोब्लास्टोमाची खूण तळाच्या पेशींतच असते: केंद्रकं तळापासून दूर, वरच्या बाजूला सरकलेली. विकर्स आणि गॉर्लिन या संशोधकांनी 1970 मध्ये मांडलेले त्याचे निकष आजही वापरतात. पण गाठीचा तो भाग तुकड्यात आलाच नाही, किंवा ब्लॉकच्या (तुकडा मेणात बसवून केलेली वडी) वरच्या कापात दिसलाच नाही, तर पॅथॉलॉजिस्ट तरी काय लिहिणार? बरं, तुकड्यासोबत गेलेल्या आमच्या फॉर्मवर जागा, वय, एक्सरेतलं वर्णन काहीच नव्हतं. ‘स्वेलिंग जॉ’ एवढंच खरडलेलं.

उपाय साधा होता. तोच ब्लॉक खोलवर कापून मुखविकृतीशास्त्राच्या (तोंड-जबड्यातले तुकडे तपासणाऱ्या) तज्ज्ञाला दाखवायचा. हा विभाग दंत महाविद्यालयात असतो. संभाजीनगरला शासकीय आहे, लातूर-नांदेडकडं खासगी. पण त्यासाठी ब्लॉक हातात यायला हवा ना!

जिथं तुकडा काढला, तिथल्या रेकॉर्डच्या खिडकीवर उत्तर ठरलेलं: “काका, ब्लॉक देत नसतेत. रिपोर्ट दिलाय की.” मग अर्ज आणा. अर्ज नेला तर डॉक्टरची सही आणा. सही आणली तर कपाटाची किल्ली ज्यांच्याकडं, ते रजेवर. पुढच्या वेळी ओपीडी नंबरवर शोधाशोध केली आणि ‘सापडत नाही’ म्हणाले. सापडणार कसं? ब्लॉक लागतात बायोप्सी नंबरनं. तो रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात असतो आणि तोच ब्लॉकच्या प्लास्टिकच्या जाळीवर तिरप्या कडेला पेन्सिलीनं लिहिलेला असतो. मीच तो नंबर खिडकीतून दाखवला, तेव्हा कुठं खोका उघडला. मेणात बसवलेला नखाएवढा करडा तुकडा, आणि त्याच्यासाठी एवढं रामायण!

एक सांगायचं राहिलं. नुसत्या स्लाइड घेऊन परत फिरू नका. स्लाइड म्हणजे आधीच कापलेला एक पापुद्रा, जे त्यात नाही ते कितीही पाहिलं तरी दिसत नाही. नवे काप ब्लॉकमधूनच निघतात. अर्जात बायोप्सी नंबर, तारीख, रुग्णाचं पूर्ण नाव, ‘दुसऱ्या तज्ज्ञाच्या मतासाठी ब्लॉक व स्लाइड हव्यात, काम झाल्यावर परत करीन’ एवढं पुरे. सोबत ओळखपत्राची झेरॉक्स. दिलेल्या वस्तूंची नोंद करून पोच घ्याच.

आणि उन्हाळ्यात ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नका. त्यातलं मेण साधारण 56 ते 60 अंशाला वितळतं, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीत काय होतं ते सांगायला नको. एसटीनं जाताना बॅगेत, कापडात गुंडाळून, सावलीच्या बाजूला.

खोल कापात खूण सापडली: अमेलोब्लास्टोमा. पुढं ऑपरेशन झालं, प्लेट बसली, ते नीट पार पडलं. महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड, आधार आणि हाच पक्का रिपोर्ट लागला. मोघम रिपोर्टवर मंजुरीची फाइल अडकते, म्हणून आरोग्यमित्राला (दवाखान्यात बसणारा योजनेचा माणूस) आधीच भेटा.

तुमचा तुकडा अजून काढायचा असेल, तर बाटली रुंद तोंडाची मागा. फॉर्मेलिनमध्ये (नमुना टिकवायचं द्रावण) मांस कडक होतं आणि अरुंद तोंडातून निघत नाही. 10 टक्के फॉर्मेलिन, तुकड्याच्या निदान दहापट. सलाइनमध्ये पाठवलेला नमुना आपल्या उकाड्यात सडतो. नाव-नंबर बाटलीच्या अंगावर लिहायला लावा, झाकणावर नको, झाकणं बदलतात. मऊ भाग आणि हाड वेगळ्या बाटल्यांत, कारण हाड मऊ करायला आम्ल लागतं, त्याला दिवस लागतात आणि मऊ भागाचं त्यात नुकसान होतं. फॉर्मसोबत ओपीजीची प्रत जोडाच. जुन्या रिपोर्टवर ‘केराटोसिस्टिक ट्यूमर’ दिसलं तर घाबरू नका. 2005 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत केराटोसिस्ट ट्यूमरमध्ये होती, 2017 ला परत सिस्टमध्ये आली.

अमेलोब्लास्टोमानंतर दरवर्षी ओपीजी काढायचा, पहिली 5 वर्षं तर न चुकता आणि पुढंही, कारण तो दहा वर्षांनंतरही परत आलेला आहे. मेव्हण्याचा जुना ओपीजी मी मोबाइलमध्येही ठेवलाय, तुलना करायला तोच लागतो.