रोझफिंच: या हिवाळ्यातली तिसरी फेरी

दोन फेऱ्या रिकाम्या गेल्या होत्या. आज कॉमन रोझफिंच हा हिवाळी पाहुणा पक्षी दिसला! एक लाल नर आणि सहा तपकिरी, एकूण सात. वेळ सकाळी 7:25, ऊन नुकतंच शेंड्यांवर उतरत होतं.

आधी आवाज आला. शेवटी वर चढणारी, काहीतरी विचारल्यासारखी बारीक शीळ. आठवडाभर रोज रेकॉर्डिंग ऐकून कान तयार केला होता, म्हणून बुलबुलांच्या गलक्यातही ती लगेच लागली. मग घाणेरीची जाळी हलली. मैत्रीण म्हणाली, "अगं चिमण्याच आहेत, चल पुढे." मी तिला हाताला धरून थांबवलं.

चिमणीच्या मादीला डोळ्यामागे फिकट भुवई असते आणि छाती साधी, बिनरेषांची. इथे भुवई नव्हती. कोऱ्या चेहऱ्यात मण्यासारखा काळा डोळा, छातीवर तपकिरी रेघा, पंखावर दोन फिकट पट्टे. भारीट (बंटिंग, चिमणीसारखाच दिसणारा पक्षी) असेल का, हेही पाहिलं. पण चोच फारच जाड आणि फुगीर होती, शेपटीला टोकाशी खाच. एक पक्षी तर दहा-बारा पावलांवर येऊन बसला. घाणेरीचं काळं फळ तोडलं, चोचीत गोल गोल फिरवलं, गर दोन्ही कडांनी बाहेर आला आणि आतली बी फोडून खाल्ली. साल खाली पडली. पुन्हा दुसरं फळ. पाच मिनिटं मी दुर्बीण खाली घेतली नाही.

लाल नर सगळ्यात शेवटी वर आला, डोकं आणि छाती डाळिंबी. फोटो एकच, तोही फांदीआड, पण चालेल.

नोंदीबद्दल एक महत्त्वाचं. गेल्या वर्षी मी वहीत "4 माद्या" असं लिहिलं होतं, ते आज खोडलं. पहिल्या वर्षाचे नर हुबेहूब मादीसारखेच तपकिरी असतात, काही तर त्याच रंगात वीणही करतात. त्यामुळे लांबून बघून "मादी" लिहिणं चूक आहे. ईबर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) मी आता नर 1 आणि बाकीचे 6 लिंग न टाकता भरते. तुम्हीही असंच करा, अशी मनापासून विनंती.

हा पक्षी मला इतका का आवडतो? युरोपात वीण करणारे रोझफिंच हिवाळ्याला आफ्रिकेकडे वळत नाहीत, आग्नेयेला, थेट भारतीय उपखंडाकडे येतात. चिमणीएवढा जीव! समोरचे सात नेमके कुठून आले ते सांगता येत नाही, पण बघताना तो सगळा रस्ता डोळ्यांपुढे येतो.

पुढच्या रविवारी तीच जाळी, अर्धा तास आधी. या वेळी रेकॉर्डर बरोबर घेणार आहे, ती शीळ स्वच्छ टिपायची आहे.