तुम्ही विचारलंत म्हणून: ‘मी’ धरून लिहू की ‘तो’ धरून?

कथा लिहायला बसलेलं कोणी भेटलं, की हा प्रश्न येतोच. निवेदन प्रथमपुरुषी ठेवू की तृतीयपुरुषी? मी त्यावर नेहमी उलट विचारते: खोलीचं दार उघडतं तेव्हा तुम्ही आत आहात की बाहेर?

ही दोन वाक्यं पाहा. ‘बाबा खोलीत आले.’ ‘बाबा खोलीत गेले.’ दोन्हींत ‘मी’ नाही, घटना एकच. पण पहिल्या वाक्यात आपण खोलीत बसलोय आणि बाबांचा चेहरा आपल्याकडे आहे. दुसऱ्यात आपण बाहेर आहोत, आपल्याला त्यांची पाठ दिसतेय आणि आत काय चाललंय ते कळायला मार्ग नाही. दृष्टिकोन म्हणतात तो हाच. कोण पाहतंय, कुठून पाहतंय, आणि त्याला किती ठाऊक आहे. सर्वनाम त्यानंतर ठरतं.

माझ्या एका कथेत नलिनी नावाची मुलगी होती. पानभर मी तिच्या मनातलं लिहीत होते आणि मग लिहिलं, ‘आईची चाहूल लागताच नलिनीने पत्र उशीखाली सरकवलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.’ एका मैत्रिणीने विचारलं, ‘हा चेहरा पाहिला कोणी?’ खोलीत नलिनी एकटीच, आरसा नाही, आई अजून दाराबाहेर. मी नकळत तिच्यातून बाहेर पडून तिच्यासमोर जाऊन उभी राहिले होते. वाक्य बदललं: ‘बोटं गार पडली, कागदाची घडी नीट बसेना.’ आता वाचणारा पुन्हा तिच्या हातात आला. अशा चुका मला अजूनही कच्च्या खर्ड्यात सापडतात.

‘मी’ सोपा वाटतो, पण मराठीत तो लगेच ओळख देतो. ‘मी उठले’ म्हटलं की निवेदक बाई आहे हे कळलं. ‘मी दार उघडलं’ यात ते कळत नाही, कारण क्रियापद दाराप्रमाणे चालतं. थोडा वेळ लपायचं असेल तर अशी वाक्यं कामी येतात, फार वेळ नाही. ‘आम्ही घर सोडलं’ आणि ‘आपण घर सोडलं’ यांतही असंच. पहिल्यात ऐकणारा बाहेरचा, दुसऱ्यात तोही घर सोडणाऱ्यांतला. ही सोय प्रत्येक भाषेत नसते, आणि आपण ती विचार न करता वापरून टाकतो याची मला हळहळ वाटते.

‘मी’चा खरा जोर पाहायचा तर हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी वाचा. १८९० पासून ती ‘करमणूक’ या साप्ताहिकात क्रमशः येत होती. लिहिणारा पुरुष, पण हकिकत सांगते यमुना स्वतः. बालविवाह, वैधव्य यांवर तेव्हा बाहेर पुष्कळ वाद चालले होते. इथे वाद घालणारं कोणी मध्ये उभं नाही. घरात जे घडतं ते तिच्याच तोंडून कळतं, म्हणून तिच्याबद्दल नुसती कीव करून सुटता येत नाही.

‘मी’ची अडचणही आहे. मोठेपणी लहानपण सांगायचं तर त्यात दोन ‘मी’ असतात, एक तेव्हा घाबरलेली आणि एक आता सगळं कळलेली. दुसरीने पहिलीच्या वाक्यात शहाणपण घुसडलं की प्रसंग मरतो.

सर्वांच्या मनातलं जाणणारा सर्वज्ञ निवेदक जुना झाला, असं कोणी म्हणालं तर मानू नका. फक्त तो पहिल्या परिच्छेदापासून तसाच असावा. नऊ पानं नलिनीबरोबर काढून दहाव्या पानावर अचानक आईच्या मनात शिरलात, तर वाचणाऱ्याला फसल्यासारखं वाटतं.

तेव्हा निवड अडलीच, तर कथेतला सगळ्यात अवघड प्रसंग घ्या. एकदा ज्याचं सगळ्यात जास्त नुकसान होतंय त्याच्या बाजूने लिहा, एकदा ज्याला त्यातलं अर्धंच कळतंय त्याच्या बाजूने. दोन्ही मोठ्याने वाचा. माझ्या नलिनीची गोष्ट शेवटी आईच्या बाजूने लिहून झाली. तिला पत्र दिसलंच नाही, फक्त उशी वाकडी दिसली.